कोकण किनाऱ्यावरील मत्स्य संशोधन आणि मासळी व्यवसाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात मासळीवरचे संशोधन नेमके कोण करते?

एकच संस्था हे सगळे करते, असा समज बंदरावर सर्रास आढळतो. प्रत्यक्षात कामे वाटलेली आहेत. समुद्रातील माशांच्या साठ्यांचे मोजमाप हे प्रामुख्याने केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेचे काम आहे. ही संस्था 3 फेब्रुवारी 1947 रोजी स्थापन झाली. तिचे मुख्यालय कोचीला असून मुंबईत तिचे केंद्र आहे. जाळी, नौका आणि मासळीवरील प्रक्रिया हा केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेचा विषय आहे. भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचे मुख्यालय मुंबईतच आहे आणि ते स्वतःच्या जहाजांनी खोल पाण्यात पाहणी करते. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था 1961 पासून, तर रत्नागिरीजवळील शिरगावचे मत्स्य महाविद्यालय 1981 पासून शिक्षण आणि संशोधन या दोन्ही बाजू सांभाळत आहे.

राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग यांहून वेगळा आहे. संशोधक शिफारस करतो, आदेश शासन काढते आणि दंड विभाग वसूल करतो. दंडाचा राग मात्र पुष्कळदा जेट्टीवर मोजपट्टी घेऊन उभ्या असलेल्या तरुण संशोधकावर निघतो, कारण त्या वेळी समोर तोच असतो.

बंदरावर वही घेऊन आलेला माणूस आमची मासळी का मोजतो? ही माहिती कराच्या कामासाठी वापरतात का?

नाही. ही नोंद एका नौकेची कमाई शोधण्यासाठी नसून, त्या बंदरावर, त्या प्रकारच्या जाळ्याने, त्या महिन्यात किती आणि कोणती मासळी आली याचा अंदाज बांधण्यासाठी असते. नौका कोणती, जाळे कोणते, किती तास ओढले, किती वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाण्यात ओढले, कोणत्या जातीच्या किती पाट्या भरल्या आणि त्यांतील काही माशांची लांबी किती, एवढे त्याला हवे असते.

या प्रश्नांतील सर्वांत मोलाचा प्रश्न तासांचा आहे, आणि नेमके त्याचेच उत्तर बहुधा घाईत दिले जाते. समजा, पूर्वी एखादी नौका दोन दिवसांत पाचशे किलो मासळी घेऊन परतत असे आणि आज तीच नौका आठ दिवसांनी हजार किलो घेऊन येते. लिलावाच्या ठिकाणी बघणाऱ्याला मासळी दुप्पट दिसेल. दिवसाचा हिशेब केला तर अडीचशे किलोंवरून ती सव्वाशेवर आलेली असेल. तांडेलाने, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखाने, ‘दोनतीन दिवस गेलो होतो’ असे सहज सांगून टाकले, तर कागदावर समुद्र भरलेला दिसतो. साठ्याच्या मोजमापाचा सगळा डोलारा या एका उत्तरावर उभा असतो, म्हणून ते खरे असणे तांडेलाच्याच हिताचे आहे.

सगळ्या नौका मोजत नाहीत. मग राज्याचा आकडा कसा काढतात?

नमुना घेऊन काढतात. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग करतात, त्यांतले काही दिवस चिठ्ठी टाकल्यासारखे, कोणाच्या सोयीने नव्हे, निवडतात, आणि त्या दिवशी ठरलेल्या वेळांत आलेल्या नौकांपैकी काही नौकांची मासळी पाहतात. रात्री लागलेल्या नौकांची चौकशी दुसऱ्या दिवशी केली जाते. या नमुन्याला त्या दिवसाच्या एकूण नौकांच्या आणि महिन्याच्या दिवसांच्या प्रमाणात वाढवून महिन्याचा आकडा बांधला जातो. भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी आपण चार शितेच दाबतो. मात्र ती पातेल्याच्या एकाच कोपऱ्यातली असून चालत नाही.

या पद्धतीला मर्यादा आहेत. समुद्रातच टाकून दिलेली मासळी बंदरावर येत नाही, म्हणून ती मोजणीतही येत नाही. खाडीत होडीने किंवा पाण्यात उतरून हाताने धरलेली मासळी, बायकांनी ओहोटीला खडकांवरून काढलेली कालवे आणि वाळूतून वेचलेल्या तिसऱ्या (शिंपल्या) यांचा हिशेब फार तोकडा राहतो. किनाऱ्यावरची कित्येक घरे यांवर चालतात, तेव्हा ही उणीव लहान मानता येणार नाही.

2019 साली राज्याचे उत्पादन एकदम खाली गेले. मासे संपत आल्याचेच हे लक्षण नव्हे काय?

त्या वर्षी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 2.01 लाख टन मासळी उतरल्याची नोंद झाली आणि पंचेचाळीस वर्षांतील हा नीचांक असल्याचे सांगण्यात आले. तथापि त्याच वर्षी अरबी समुद्रात ‘वायू’पासून ‘क्यार’ आणि ‘महा’पर्यंत एकामागून एक वादळे आली, आणि ऐन हंगामात नौका बंदरात नांगरून राहिल्या. ज्या दिवशी नौका गेलीच नाही, त्या दिवसाच्या रिकाम्या पाटीवरून समुद्रात मासे नव्हते असे म्हणता येत नाही. म्हणून एका वर्षाच्या घसरणीवरून निष्कर्ष काढू नये. अनेक वर्षांचा कल, दर तासाला मिळणारी मासळी आणि तिची सरासरी लांबी या तिन्ही गोष्टी एकत्र खाली जाऊ लागल्या, तर मात्र काळजी करावी.

अहवाल म्हणतो की साठे चांगले आहेत. आमची नौका मात्र डिझेलचा खर्चही भरून काढत नाही. मग खरे कोणाचे?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि तो रागाने विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने 2022 सालासाठी देशभरातील 135 साठ्यांचे मूल्यमापन केले आणि त्यांपैकी 91.1 टक्के साठे सुस्थितीत असल्याचे नमूद केले. हे वाचून मालवणच्या किंवा सातपाटीच्या मच्छीमाराला आपली थट्टा झाल्यासारखे वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु हा आकडा कशाचा आहे ते आधी पाहावे लागते. एक साठा म्हणजे एका जातीची, एका प्रदेशातील संख्या. त्या मोजणीत ढोम्याचा साठा आणि पापलेटचा साठा यांना प्रत्येकी एकच गुण मिळतो. कोळणीच्या पाटीत मात्र दोघांची किंमत सारखी नसते. ज्या चार-पाच जातींवर घर चालते त्याच खाली गेल्या आणि बाकीच्या पुष्कळ जाती टिकून राहिल्या, तरी टक्केवारी चांगलीच दिसेल.

दुसरे असे की, साठा सुस्थितीत असणे म्हणजे प्रत्येक नौकेला पुरेसे मिळणे नव्हे. समुद्राने वर्षाला देण्याजोगी मासळी तेवढीच राहिली आणि नौका, इंजिनाची ताकद आणि जाळ्यांची लांबी वाढत गेली, तर वाटा लहान होतो. गावच्या विहिरीचे पाणी आटलेले नसते, पण घागरी दुप्पट झालेल्या असतात. तिसरे कारण प्रदेशाचे आहे. मूल्यमापन राज्याच्या किंवा त्याहून मोठ्या पट्ट्याचे असते. वीस वाव पाण्याच्या आत, लहान होड्या जेथे जाऊ शकतात तेथे काय उरले आहे, हे त्यात वेगळे दिसत नाही.

तेव्हा दोघेही खोटे बोलत नाहीत. आमच्या मते, अहवाल किनाऱ्यावर पोहोचवताना टक्केवारीच्या आधी हा फरक सांगितला जात नाही, ही चूक संशोधनाच्या बाजूची आहे.

माशाचे वय कसे ओळखतात?

माशाच्या कानाच्या पोकळीत चुन्यासारख्या पदार्थाचा एक लहानसा खडा असतो. झाडाच्या खोडात वलये असतात तशी वाढीची वलये त्यावर चढतात. तो घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की वाढीचा अंदाज येतो. उबदार समुद्रात वर्षाची वलये नेहमीच स्पष्ट नसतात, म्हणून शेकडो माशांच्या लांबीची महिनोन्महिने नोंद करून वाढ ताडण्याची पद्धतही वापरतात. पोट चिरून गाबोळी पाहिली की मादी किती लांबीला पक्व होते आणि कोणत्या महिन्यांत अंडी घालते, तेही समजते. संशोधक पोट फाडायला मासा मागतो तो त्यासाठी.

किमान कायदेशीर आकार म्हणजे काय, आणि तो पाळला तर आमचे नुकसान नाही का?

ठरलेल्या लांबीपेक्षा लहान मासा पकडू किंवा विकू नये, असा हा नियम आहे. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये 54 जातींसाठी तो लागू केला. पापलेटसाठी 135 मिलिमीटर, बोंबलासाठी 180 मिलिमीटर आणि सुरमईसाठी 370 मिलिमीटर ही मर्यादा आहे. त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा म्हणून घोषित करण्यात आले. त्या मानाने बाजारात तळहाताएवढे पापलेट किती सहज मिळते, हे कोणत्याही कोळणीला विचारावे.

एक खुलासा आवश्यक आहे. हा आकार म्हणजे मासा अंडी घालण्याइतका मोठा झाल्याची खूण आहे, असे बऱ्याच जणांना वाटते. सर्व जातींच्या बाबतीत ते खरे नाही. सुरमई पहिल्यांदा पक्व होते तेव्हा ती दोन फुटांच्या पुढे गेलेली असते. म्हणजे 370 मिलिमीटरची मर्यादा ही अगदी पिल्ले तरी वाचावीत यासाठी केलेली तडजोड आहे. मोठी मर्यादा घातली असती तर ती कोणी पाळली नसती, हा युक्तिवाद व्यवहाराला धरून आहे. परंतु मर्यादा पाळली म्हणजे साठा सुरक्षित झाला, असे समजू नये.

नुकसानीचे म्हणाल, तर लहान पापलेट किलोला ज्या भावाने जाते त्याच्या कितीतरी पट भाव मोठ्या पापलेटला येतो, आणि वाढायला त्याला काही महिनेच लागतात. अडचण अशी की, आज मी सोडलेला मासा उद्या दुसराच कोणी पकडेल ही भीती प्रत्येकाच्या मनात असते, आणि ती निराधार नाही. त्यामुळे हा नियम एकट्याने पाळून उपयोगाचा नाही. खरेदीदार, लिलाव करणारा दलाल आणि फिशमीलचा (मासळीच्या भुकटीचा) कारखाना यांनी लहान मासळी घ्यायचे थांबवले, तरच तो टिकेल.

जाळ्याची आस (विणीतले भोक) चौकोनी करा असा आग्रह का धरतात? आहे त्या आसेत काय वाईट आहे?

ट्रॉलच्या, म्हणजे नौकेमागे ओढायच्या जाळ्याच्या, खोळ्याची (मासळी साठते त्या शेवटच्या पिशवीची) नेहमीची आस शंकरपाळ्यासारखी असते. जाळे ओढले जाऊ लागले आणि मागे मासळीचा भार आला की ती ताणून मिटते. कागदावर आस कितीही मोठी असो, पाण्यात ती फट होऊन बसते आणि पिल्ले आत अडकतात. तेच विणकाम चौकोनी लावले तर ओढ दोऱ्यांच्या सरळ रेषेत येते, आस उघडी राहते आणि लहान मासा निसटतो. केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने यासाठी खोळ्याला 40 मिलिमीटरची चौकोनी आस सुचवली आहे. लहान मासळी निसटल्याने सुरुवातीला पाट्या कमी भरतात, हे खरे आहे. मात्र वर काढून निवडण्याचे काम वाचते आणि चांगली मासळी भाराखाली चेंगरत नाही.

डोल जाळ्याचा प्रश्न याहून अवघड आहे. डोल ओढली जात नाही. ती भरती-ओहोटीच्या ओढीत रोवून ठेवतात, आणि उधाणाच्या दिवसांत जे वाहत येईल ते सगळे खोळ्यात जमा होते. बोंबील, मांदेली आणि जवळा यांसाठी आस बारीक ठेवावी लागते, आणि त्या बारीक आसेत पापलेटचे बोटभर पिल्लूही येते. जवळा हवा असेल तर पिल्ले येणारच, या कोड्यावर कागदावर सुटसुटीत उत्तर नाही. पिल्ले जास्त असतात त्या आठवड्यांत विशिष्ट ठिकाणची डोल उचलून ठेवणे हा मार्ग आम्हांला अधिक शहाणपणाचा वाटतो, आणि ते आठवडे कोणते हे संशोधकापेक्षा डोलकरालाच आधी कळते.

पावसाळी बंदी 1 जून ते 31 जुलैच का? माशांनी कॅलेंडर पाहिले आहे काय?

पाहिलेले नाही, आणि सर्व जाती याच 61 दिवसांत अंडी घालतात असा दावाही कोणी करू नये. काही जातींचा विणीचा काळ याच्या आधी सुरू होतो, काहींचा नंतर संपतो. बंदीचा आधार दुहेरी आहे: अनेक महत्त्वाच्या जातींची वीण आणि पिल्लांची वाढ या काळाच्या आसपास येते, आणि खवळलेल्या समुद्रात माणसे वाचतात. पूर्वी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून मगच होड्या लोटत. ती पौर्णिमा पुष्कळदा ऑगस्टमध्ये येते, म्हणजे जुन्या रिवाजातली विश्रांती आजच्या बंदीपेक्षा बहुतेक वर्षी लांबच होती.

पर्ससीनला विरोध हा संशोधनावर आधारलेला आहे की तो केवळ पारंपरिक आणि यांत्रिक मच्छीमारांचा झगडा आहे?

दोन्ही आहे. पर्ससीन जाळे बांगडा आणि तारलीचा अख्खा थवा घेरून खालून आवळते. सिंधुदुर्गातल्या रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, तोच थवा किनाऱ्याजवळ येण्याची वाट पाहावी लागते. रापण ओढायला निम्मे गाव लागते आणि वाटेही गावभर होतात. थवा बाहेरच घेरला गेला तर रापणकरांच्या हाती दोर तेवढे उरतात. शासनाने नेमलेल्या समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी 2016 मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले आणि राज्याच्या जलधीक्षेत्रात ही मासेमारी 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर या काळापुरती मर्यादित केली. प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्राने 2017 मध्ये बंदी आणली.

संशोधनाला सांगता येते ते एवढेच की, किती नौकांनी किती मासळी काढली तर साठा टिकेल. ती मासळी पन्नास मालकांनी काढावी की पाच हजार कुटुंबांनी, हा निर्णय समाजाचा आणि शासनाचा आहे. तो विज्ञानाच्या नावाखाली लपवू नये.

एखादा साठा खरोखर बुडाल्याचे उदाहरण आपल्या किनाऱ्यावर आहे का?

आहे. मुंबईच्या समुद्रात वाळूत राहणारी चपटी शेवंड (लॉब्स्टर) ट्रॉलमध्ये मोठ्या प्रमाणात मिळत असे. निर्यातीची मागणी वाढली, अंड्यांनी भरलेल्या माद्याही धरल्या गेल्या, आणि 1994 पर्यंत ही मासेमारी कोलमडली. शेवंडीची वाढ मंद असते आणि मादी अंडी पोटाखाली वागवते, त्यामुळे एक मादी उचलली की पुढची पिढीही तिच्याबरोबर जाते. संशोधकांनी हे सर्व नोंदवून ठेवले आहे. नोंद झाली, पण वेळेवर कृती झाली नाही, हेही त्या नोंदीतच वाचता येते.

कासवांचा आणि आमच्या कोळंबीच्या भावाचा काय संबंध?

अमेरिकेच्या 1989 च्या कायद्यानुसार, समुद्रातून पकडलेली कोळंबी कासवांना इजा न करता पकडली जात असल्याची खात्री पटली, तरच ती तेथे घेतली जाते. ती न पटल्याने 2019 पासून भारतातील समुद्री कोळंबीला तो बाजार बंद झाला. त्याचा भार करंदी आणि मोठी कोळंबी या दोन्हींच्या भावावर पडतो. उपाय म्हणून कासव-निसटणी साधन सुचवले जाते: ट्रॉलमध्ये तिरपी बसवलेली गजांची चौकट, जिच्या फटींतून कोळंबी मागे खोळ्यात जाते आणि कासव वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडते. केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या जाळ्यांना जुळेल असा नमुना तयार केला आहे. थोडी मासळीही त्या झडपेतून जाते ही तक्रार खरी असली, तरी बंद पडलेल्या बाजाराचा तोटा त्याहून मोठा आहे.

वेळास आणि आंजर्ले येथे ग्रामस्थ ज्या ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखतात, तीच कासवे पुढे या जाळ्यांच्या वाटेत येतात. संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळे कापावे लागले, तर 2018 पासून राज्यात 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. त्यासाठी सोडतानाचे छायाचित्र किंवा चित्रफीत लागते, म्हणून फोन चार्ज असू द्यावा.

मासे कोठे आहेत हे उपग्रह सांगतो म्हणतात, ते कितपत खरे?

उपग्रहाला मासा दिसत नाही. त्याला पाण्याच्या पृष्ठभागाचे तापमान आणि हिरव्या सूक्ष्म वनस्पतींची दाटी कळते. थंड आणि उबदार पाणी जेथे भिडते तेथे अन्न साठते आणि त्यामागे मासे येतात, या आधारावर हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र संभाव्य मासेमारी क्षेत्रांची सूचना देते. ती मराठीतही मिळते. आकाश ढगाळ असेल तर माहिती अपुरी राहते. बांगडा आणि तारलीसारख्या वरच्या पाण्यातल्या थव्यांसाठी ती उपयोगी आहे, तळाच्या मासळीसाठी फारशी नाही. तिचा खरा लाभ शोधाशोधीत जळणारे डिझेल वाचण्यात आहे.

निर्यात उद्योगाला संशोधनाची गरज कोठे पडते?

2023-24 मध्ये भारतातून 17,81,602 टन सागरी उत्पादने निर्यात झाली आणि त्यांचे मूल्य 60,523.89 कोटी रुपये होते. त्यातील सुमारे दोनतृतीयांश मूल्य एकट्या गोठवलेल्या कोळंबीचे आहे, आणि ती बहुतांशी तलावांत वाढवलेली असते. कोकणातल्या समुद्री मासळीचा वाटा वेगळ्या मार्गाने जातो: म्हाकूल, वाकटी, आणि सुरीमीसाठी (माशाच्या धुतलेल्या मांसाच्या लगद्यासाठी) लागणारा राणी मासा. युरोपीय संघ 2010 पासून प्रत्येक मालाबरोबर, तो कोणत्या नौकेने कायदेशीरपणे पकडला याचे प्रमाणपत्र मागतो. म्हणजे बंदरावरची नोंद आता परदेशातल्या गिऱ्हाईकापर्यंत जाते.

बर्फाचा विषय त्याहून जुना आणि तितकाच दुर्लक्षित आहे. बांगडा आणि कुपा (ट्यूना) यांना पकडल्यापासून पुरेसा बर्फ मिळाला नाही, तर त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होते. ते शिजवूनही जात नाही आणि खाणाऱ्याच्या अंगावर पित्त उठल्यासारखे चट्टे येतात. मासळीइतकाच बर्फ घ्यावा हा साधा नियम आहे. पहिल्या दिवशीची मासळी आठव्या दिवशी बंदरावर आणणाऱ्या नौकेने तर तो मोडूच नये.

मच्छीमाराकडे असलेली माहिती संशोधनात धरली जाते का?

पुरेशी धरली जात नाही. एखाद्या खडकापाशी पूर्वी घोळ मासा मिळे आणि आता मिळत नाही, अमुक वाऱ्यानंतर चौथ्या दिवशी बांगडा येतो, पूर्वी न दिसणारा मासा तीन वर्षांपासून जाळ्यात येऊ लागला आहे, अशा गोष्टी वयस्क तांडेलांना तोंडपाठ असतात. त्या लिहून ठेवायच्या असतील तर तारीख, वाव, जाळे आणि माशाचे स्थानिक नाव एवढे पुरते. नाव स्थानिकच लिहावे. पालघरला आणि वेंगुर्ल्याला एकाच माशाची नावे वेगळी असतात, आणि शास्त्रीय नाव लावण्याचे काम संशोधकाचे आहे. अनोळखी मासा आढळल्यास मोजपट्टीशेजारी ठेवून छायाचित्र काढावे, शक्य असल्यास मासा बर्फात ठेवावा आणि जवळच्या केंद्राला किंवा शिरगावच्या महाविद्यालयाला कळवावे.